अहोंचा नंबर

माझ्या फोनला माझा चेहरा ओळखू येत नाही. चष्मा घातला की तो "पुन्हा प्रयत्न करा" म्हणतो, आणि चष्मा काढला की तो काय म्हणतोय ते मला दिसत नाही. बोटाचंही तेच. कणीक मळून झालेली असो की भांडी घासून, त्याला माझं बोट परकं. बोलता बोलता गाल लागून स्पीकर सुरू होतो आणि मुलीचं बोलणं अख्ख्या बसला ऐकू जातं. मी वैतागते, पण घाबरत नाही. यंत्र आहे, चुकणारच.

एकाच गोष्टीने मी अजून दचकते. कधीतरी पडद्यावर नवऱ्याचा फोटो येतो, वर "अहो" असं नाव असतं आणि फोन वाजायला लागतो. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली.

नाव त्यांनीच घातलं होतं. माझा पहिला स्मार्टफोन आणला त्या दिवशी शेजारी बसून एकेक नंबर भरत होते. स्वतःच्या नंबरापुढे "अहो" लिहिलं.

"हे काय?"

"खरं नाव घातलं तर तुला कळायचं नाही कोणाचा फोन आहे ते."

वर सिंहगडावर टोपी घालून काढलेला फोटो चिकटवला. मी विचारलं, टोपीशिवायचा नव्हता का एखादा. तर म्हणाले, "टक्कल तू घरी बघतेसच."

ते गेले सकाळी, चहा पिताना. कप तसाच हातात. डॉक्टर येऊन गेले, नातेवाइकांना कळवायचं ठरलं, तेव्हा लक्षात आलं की निम्मे नंबर ह्यांच्या फोनमध्ये आहेत आणि त्याला कुलूप आहे. बोटं फिरवून काढायची ती खूण कोणालाच माहीत नव्हती. माझे दीर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण अंगठा लावून उघडून घ्या. पुढे फार अडचण होते."

त्यांचं बरोबर होतं. मी खोलीत गेले, दार लोटलं. ह्यांचा अंगठा ओल्या फडक्याने पुसला, कोरडा केला आणि फोनवर टेकवला. फोन थरथरला. बोट ओळखता आलं नाही, म्हणाला. जरा दाबून टेकवला. पुन्हा थरथरला. त्यानंतर त्याने बोट मागायचंच बंद केलं. मी हात चादरीखाली सरळ करून ठेवला आणि बाहेर आले.

"नाही उघडत," मी म्हटलं.

"म्हणजे म्हणतात ते खरं आहे," दीर म्हणाले, आणि काय म्हणतात ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

माझं बोट नाकारताना माझा फोनही तसाच थरथरतो. अगदी तेवढाच. दुधाची ऑर्डर द्यायला म्हणून फोन उचलावा आणि तेवढ्यात हाताला ती थरथर लागावी, हे अजूनही होतं.

पुढच्या अडचणींबद्दल दीर बोलले होते त्याहून जास्तच अडचणी निघाल्या. गॅस, वीज, दूध, सोसायटी, सगळीकडे ह्यांचाच नंबर. काहीही करायला जावं तर ओटीपी ह्यांच्या फोनवर. तो नंबर बदलून माझा घाला म्हटलं, तर त्यालाही ओटीपी, आणि तोही तिथेच. नशिबाने कुलूप असलं तरी आलेला मेसेज पडद्यावर वाचता यायचा. म्हणून मी तो फोन स्वयंपाकघरात मिक्सरशेजारच्या प्लगला कायमचा लावून ठेवला. गेलेल्या माणसाकडून आकडे विचारून घ्यायचे आणि गॅस बुक करायचा, असा संसार सुरू झाला.

मुलगी बंगळुरूहून म्हणाली, "आई, ते सिम काढून तुझ्या फोनमध्ये टाक ना. इतकं सिंपल आहे."

सिंपल होतं. मलाही सुचलं होतं. पण तोवर चार वाजताचा फोन सुरू झाला होता.

घरात आता आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. आईंनी पंच्याऐंशी ओलांडलीये. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, डोकं माझ्याहून साफ. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. दोन नंबरचं बटण दाबून धरलं की तो ह्यांना लागायचा. ह्यांच्या ऑफिसात चारला चहा यायचा, आणि त्या वेळी आईंचा फोन जायचा. बोलणं काही नसायचं. "येताना पाव आण" किंवा "पाव आणू नकोस, कालचा आहे." ह्यांच्या निवृत्तीनंतरही चुकला नाही. हे पुढच्या खोलीत, आई मागच्या खोलीत, तरी चारला फोन. "चहा टाकायला सांग तिला," असं म्हणायच्या. हे मला तिथूनच ओरडून सांगायचे.

तेरावा झाल्यानंतर मी एकदा दुपारची मेथी निवडत बसले होते. मिक्सरशेजारी फोन वाजला. जुन्या लँडलाइनसारखी ट्रिंग ट्रिंग ह्यांनी मुद्दाम लावून घेतली होती. पडद्यावर "आई". मी उठून मागच्या खोलीच्या दारातून पाहिलं. त्या खाटेवर ताठ बसल्या होत्या, फोन कानाला, नजर खिडकीबाहेर. मी आवाज न करता परत फिरले. वाजून वाजून तो थांबला. थोड्या वेळाने आई आल्या, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "चहा टाकतेस?"

मग रोजच. त्यावर आम्ही एक शब्द बोललो नाही. एकदा वीज गेली होती आणि फोन बंद पडला होता, तेव्हा चहा पिताना त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला चार्जिंगला लावत जा गं." मी "हो" म्हटलं. त्यांना भ्रम झालेला नाही हे मला पक्कं माहीत होतं. दिवा लावताना मुलाच्या फोटोला हार त्याच घालत होत्या. पण चार वाजत आले की माझे हात आपोआप थांबायचे. कधी बाहेरून उशिरा आले तर कुलूप उघडण्याआधी दाराला कान लावून उभी राहायचे, आणि आत तो वाजत असायचा. कोणीतरी उचलेल की काय असं वाटून किल्ली फिरवायचा धीर व्हायचा नाही.

वर्षभराने फोन फुगला. बॅटरी आतून इतकी सुजली की काच वर उचलली गेली. शनिवार पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने हात न लावता नुसतं पाहिलं.

"काकू, फोन आणलात की पापड?"

"दुरुस्त होईल का?"

"घरात ठेवलात तर पेटेल. दुरुस्तीचं विचारू नका, हे मॉडेल आता कंपनीलाही आठवत नसेल." त्याने पिनेने सिम काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "हे एखाद्या साध्या फोनात घाला."

घालते, म्हटलं. तोवर सगळीकडे माझा नंबर लागला होता, ओटीपीचं काम उरलं नव्हतं. घरी येऊन ते नखाएवढं सिम ठेवायला जागा शोधली. चांदीचा कुंकवाचा करंडा रिकामाच होता, त्यात ठेवलं आणि कपाटात टाकलं. साधा फोन आज आणू, उद्या आणू, करत राहिले. आपल्याकडे वस्तू डब्यात घालून कपाटात ठेवली की ती आपली राहते. सोनं राहतं, पैठणी राहते. नंबरही राहील असं मी धरून चालले. रिचार्ज संपल्याचं सांगणारे मेसेज त्याच नंबरवर येत असणार, आणि तो करंड्यात. डब्यातला नंबर कंपनी काढून घेते आणि दुसऱ्याला देऊन टाकते, हे मला ठाऊक नव्हतं.

आई मात्र फोन करतच होत्या. आता वाजत नव्हता. पलीकडून एका बाईचा आवाज यायचा, आपण संपर्क करू इच्छिता तो ग्राहक वगैरे. आई ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि मग चहाला यायच्या. मला वाटलं, चाललंय तर चालू दे.

एक दिवस त्या आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"आज रोजची बाई नव्हती."

"कोण रोजची?"

"ती फोन बंद आहे म्हणून सांगणारी. आज दुसरीच होती. 'कोण पाहिजे' म्हणाली."

"राँग नंबर लागला असेल, आई."

"बटण तेच आहे. मी काय आज पहिल्यांदा लावतेय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? चुकून लागला म्हटलं." त्या खोलीत गेल्या. चहा नको म्हणाल्या.

मी माझा फोन उघडला. दोनदा थरथरला, मग उघडला. व्हॉट्सॲपवर "अहो" शोधलं. सिंहगड नव्हता, टोपी नव्हती. त्या गोलात फ्रॉक घातलेली, दोन दात पडलेली एक मुलगी हसत होती. नावाखाली लिहिलं होतं, "ऑनलाइन". बघता बघता ते गेलं, आणि पुन्हा आलं. मी फोन पालथा घातला आणि कूकर लावला.

त्यानंतर आईंनी फोन करणं सोडलं. चार वाजता त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. चहा नेऊन दिला तर साय धरेपर्यंत तसाच. खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसणं थांबलं, मग पेपरातलं कोडं सोडवणं थांबलं, मग रात्रीची भाकरी अर्ध्यावर आली. डॉक्टर म्हणाले, वय आहे. मुलगी म्हणाली, "तू आजीला नीट बसवून समजावून सांग ना."

"काय सांगू? बाबा गेले म्हणून? ते त्यांना माहीत आहे."

"मग तो कॉन्टॅक्ट तरी डिलीट कर. हेल्दी नाहीये हे."

मला एवढं दिसत होतं की आईंना कोणाशी बोलायचं नव्हतं. त्यांना फोन वाजायला हवा होता. तो चालू असावा आणि कोणी उचलू नये, एवढंच. हे काही न जमण्यासारखं नव्हतं. एका सकाळी मी गॅलरीचं दार लावून घेतलं आणि "अहो" दाबलं. ह्यांचा टोपीतला चेहरा पडदाभर आला आणि खाली लिहून आलं, "कॉल करत आहे". ते गेल्यापासून हा नंबर मी कधी लावला नव्हता.

"हॅलो, कोण बोलते?" तरुण बाईचा आवाज. बोलणं वऱ्हाडाकडचं.

मी सांगितलं, हा नंबर आधी माझ्या मिस्टरांचा होता.

"अरे बापा! काकू, बरं झालं तुमचा फोन आला. मी तर परेशान होऊन गेली. रोज कोणी ना कोणी फोन करून राहिलं. प्लंबर काय, शाळेतले दोस्त काय. एक जण तर म्हणे, सुनेने उचलला वाटते! तुम्ही सरांना सांगा ना, सगळ्यांना नवा नंबर देऊन टाका म्हणून."

"ते वारले."

"माफ करा काकू, मला माहीत नव्हतं."

"दुपारी चारला एका आजींचा आला होता का?"

"आला होता. चुकून लागला म्हणाल्या. पण लय वेळ ठेवलाच नाही."

"त्या त्यांच्या आई. तुमच्याकडे एक काम होतं."

मी आधी ठरवून ठेवलं होतं तेवढं सांगितलं. चारला त्या नंबरवरून फोन येईल, तो उचलू नका. कापूही नका. वाजू द्या, आपोआप थांबेल.

"म्हणजे नुसता वाजू देऊ?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"सुट्टीच्या दिवशीपण?"

"त्यांना सुट्टी नसते."

मग ती म्हणाली, चाकणला कंपनीत आहे, चारला चहाची सुट्टी होते, तेव्हाच फोन लॉकरमधून हातात येतो. "टेबलावर ठेवून देईन. वाजू दे. माझी पोरगी गावाला माझ्या आईजवळ असते, काकू." ही शेवटची गोष्ट तिने मध्येच का सांगितली ते मी विचारलं नाही.

आईंना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. चहा देताना म्हटलं, "आई, तो फोन लावून बघा कधीतरी. त्या बाईचा काहीतरी घोटाळा झाला होता, मिटला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर बरोबर पण रीत चुकलेली असली की शिक्षक पाहतात तसं. दुसऱ्या दिवशी चारला मी ओट्याशी उभी होते. भिंतीपलीकडे आईंच्या फोनची रिंग बारीक ऐकू येत होती. बराच वेळ वाजली आणि थांबली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"चहा टाकतेस?"

पुढे सगळं रुळावर आलं. कोडं आलं, बाक आलं, भाकरी पुरी झाली. मला तेवढं पुरे होतं.

मग एकदा स्वारगेटला मी बसच्या रांगेत होते. हातात दोन पिशव्या. चार वाजून गेले होते. पर्समध्ये फोन वाजला, कसाबसा काढला, आणि पडद्यावर टोपीतला चेहरा. अहो. मला यायला उशीर झाला की हे असाच फोन करायचे आणि हॅलोच्या आधी विचारायचे, कुठे पोचलीस. मागची बाई म्हणाली, "अहो, उचला ना, कानाशी वाजतोय." मी उचलला.

"कुठं आहे तुम्ही?"

माझ्या तोंडून "स्वारगेट" निघून गेलं. नंतर आवाज कोणाचा आहे ते कळलं.

"काकू, आज आजींचा फोन नाही आला. चार वाजून गेले. म्हटलं तुम्हाला विचारावं."

मी तिथूनच आईंना फोन लावला. रोजची बाई बोलू लागली. आपण संपर्क करू इच्छिता तो ग्राहक. आईंचा फोन कधी बंद नसतो. रांग सोडली आणि रिक्षा केली. पद्मावती म्हटल्यावर रिक्षावाल्याने जवळचं भाडं म्हणून तोंड वाकडं केलं, पण माझ्याकडे बघून मीटर टाकला. वाटेत पुन्हा लावला. तीच बाई, तेच वाक्य.

दाराला कान लावला. आत काही वाजत नव्हतं. किल्ली फिरवली.

आई स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर त्यांच्या फोनचे अवयव. झाकण, बॅटरी, आणि हातात कापूस गुंडाळलेली केसातली पिन.

"लवकर आलीस?"

मी पिशव्या खाली ठेवल्या. "आज फोन केला नाहीत?"

आजवर आम्ही ह्या विषयावर बोललो नव्हतो. त्यांनी पिन खाली ठेवली.

"तुला कोणी सांगितलं?"

मला थापा सुचत नाहीत. फोन माझ्या हातातच होता. मी तो त्यांच्यापुढे धरला. सगळ्यात वरचा आलेला फोन, शेजारी टोपीतला चेहरा, आणि नाव. त्यांनी चष्मा सारखा केला आणि बराच वेळ पाहिलं.

"दोन नंबरचं बटण गेलंय," त्या शेवटी म्हणाल्या. "सांग तिकडे."

मी नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "काकू? आजी बऱ्या आहे ना?" मी फोन कानाशी दाबला आणि गालाने स्पीकर सुरू झाला. सगळ्या स्वयंपाकघरात तिचा आवाज. मागे भांड्यांचा, माणसांचा कालवा. "मी तर घाबरूनच गेली होती हो!" मी बटण शोधत राहिले, पडद्याला माझं बोट लागेना.

"बटण गेलंय," मी म्हटलं. "बाकी बऱ्या आहेत."

आईंनी हात पुढे केला आणि फोन टेबलावर ठेवायला लावला. थोडं वाकून, वर्गातल्या आवाजात त्या बोलल्या.

"कामावर आहेस का गं?"

"हो, आजी. चहाची सुट्टी आहे."

"रोज वाजवून तुझा चहा गार करते मी."

"नाही हो आजी. मी ठेवून देते टेबलावर. पोरी विचारतात, उचलत काहून नाही. मी म्हणते, हा उचलायचा नाही."

आईंनी मान हलवली, जणू ती समोर बसली आहे.

"बरोबर. उचलू नकोस. चहा पीत जा."

मी फोन बंद केला. आईंनी पुन्हा पिन उचलली आणि बटणाच्या खाचेतली घाण काढू लागल्या. काही निघेना, तेव्हा म्हणाल्या, "उद्या चारच्या आत आणून दे नीट करून. नाहीतर ती पुन्हा काळजी करेल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच शनिवार पेठेत गेले. दुकानदार म्हणाला, बटणांचे फोन आता शोधावे लागतात, आजींना स्मार्ट देऊन टाका. मी म्हटलं, "त्यांना एकच बटण लागतं, पण ते लागतं." कुठूनतरी जुन्या फोनमधलं काढून त्याने बसवून दिलं. येताना मुलीचा फोन आला, तिला मी काही सांगितलं नाही.

घड्याळाचा काटा चारवर येत होता. मी ओट्याशी होते. भिंतीपलीकडे बारीक रिंग सुरू झाली, आणि मी आधण ठेवलं.